फायनान्सचा साहेब खाली उतरला तेव्हा

परवा घाटकोपरला भाचीकडे पेढे खायला गेले होते. ती कंपनीत सीएफओ झाली. मी विचारलं, म्हणजे दिवसभर हिशेबच ना गं? तर म्हणे, मावशी, हिशेब आता कमी, निम्मा वेळ लोकांना भेटण्यातच जातो... आणि मला आमचा मुलुंडचा साहेब आठवला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला, आग्रा रोडवर, पंप बनवणाऱ्या एका फॅक्टरीत मी अकाउंट्सला टायपिस्ट होते. आमचे जुने चीफ अकाउंटंट खाली मशीनवर उतरायचे ते वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पूजेला. प्रसाद घेतला की परत कॅबिनमध्ये.

ते रिटायर झाले आणि हेड ऑफिसातून नवा माणूस आला. हुद्दा फायनान्स मॅनेजर. पहिल्याच आठवड्यात हा खाली! हातात छोटी डायरी, कामगारांच्या कॅन्टीनमध्ये चहा, आणि प्रश्न... मालासाठी किती थांबावं लागतं, पंप परत का येतात, हे काम बाहेर दिलं तर काय होईल.

बाहेर दिलं तर! तेव्हा आजूबाजूच्या कंपन्यांच्या गेटला एकेक करून कुलपं लागत होती. हा माणसं काढायची यादी करायला आलाय, हे मी मनाशी पक्कं केलं. नाहीतर फायनान्सवाल्याचं मशीनपाशी काय काम?

माझी मैत्रीण नलू वाइंडिंगमध्ये होती. मोटरच्या कॉइल गुंडाळायचं काम, सगळ्या बायकाच. नवऱ्याची गिरणी संपानंतर उघडलीच नाही, त्यामुळे भांडुपचं घर हिच्या एकटीच्या पगारावर.

डबा खाताना मी त्या सगळ्यांना बजावलं, तो आला की नाव सांगा आणि पुढे मिठाची गुळणी धरा. मी त्याच्या कॅबिनबाहेर बसते, मला कळतं ना... त्यांनी ऐकलं. मलाही मोठी शहाणी असल्यासारखं वाटलं.

दोन महिन्यांनी डायरेक्टरांसाठीचा रिपोर्ट टाइप करायला माझ्याकडेच आला. टूलरूम राहणार, असेंब्ली राहणार... प्रत्येकापुढे तिथल्या माणसांनी काय सांगितलं ते लिहिलेलं. पॅकिंग बंद. आणि वाइंडिंगपुढे एवढंच, की काम बाहेर द्यावं, विभागाकडून काहीच माहिती मिळाली नाही.

माहिती मिळाली नाही ती माझ्यामुळे! गुपचूप टाइप करून दिलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. खरं सांगते, पाच मिनिटं तोच विचार केला.

मग उठले आणि कॅबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं, की त्या बायकांना मीच गप्प बसवलं. आता आपली वाट लागली, असं वाटत होतं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि का म्हणून विचारलं.

"तुम्ही आम्हाला काढायला आलात असं वाटलं."

"त्यासाठी मला खाली उतरावं लागलं नसतं," ते शांतपणे म्हणाले. "ते वर बसूनही करता येतं. रिपोर्ट उद्या संध्याकाळी जाईल. तोपर्यंत त्यांना बोलू द्या."

दुसऱ्या दिवशी नलू बोलली. ऑर्डर जास्त असली की थोडं वाइंडिंग बाहेर जायचं, आणि त्यातल्या कितीतरी मोटरी जळून परत यायच्या. त्या ह्या बायका गुपचूप पुन्हा गुंडाळून द्यायच्या... वर्षानुवर्षं. कुठल्याच कागदावर त्याची नोंद नव्हती.

साहेब उभ्या उभ्या लिहून घेत होते. संध्याकाळी ते पान मी नव्याने टाइप केलं. वाइंडिंग राहिलं.

नलूला मी सगळं खरं सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "यापुढे माझ्या पोटापाण्याचं माझं मला बोलू दे."

बरोबरच होतं तिचं. माझ्या संशयापायी तिची चूल विझली असती, आणि मी म्हणे तिच्या भल्यासाठीच सांगत होते.

पॅकिंगवाले मात्र गेलेच. म्हणून साहेबांवर माझा पुरता विश्वास कधी बसला नाही, आणि एक थँक्यू द्यायचं राहून गेलं. ते आज देते... थोडं हात राखूनच.