टेबलाखालच्या गप्पा

दवाखान्याच्या मजल्यावर बातमी फिरली की समोरच्या खोलीतल्या स्पीच थेरपिस्ट बाई कॅमेऱ्याला घाबरल्या. मुलांच्या नव्या उपचाराची चाचणी कॅमेऱ्यासमोर होणार होती; तिच्यात भाग घ्या म्हणून दवाखान्याने गळ घातली, तर बाईंनी नन्नाचा पाढा लावला म्हणे. आता ज्या बाई कुणाच्याही फोटोत मधोमध घुसतात, त्या कॅमेऱ्याला कशाला घाबरतील?

खरं घोडं टेबलाशी अडलं होतं. बाईंकडे येणारी चार वर्षांची एक चिमुरडी घरी अखंड बडबडते, पण परक्यांसमोर तोंडाला कुलूप. खोलीत आली की ती थेट टेबलाखाली शिरते. कुरकुरणारे गुडघे सांभाळत बाईही मागोमाग शिरतात, आणि तिथे दोघींच्या गप्पा रंगतात. चाचणीत मात्र प्रत्येक मुलाला समोर खुर्चीत बसवून ठरलेले खेळ ठरल्या क्रमाने घ्यायचे होते. पोरीचं बोलणं पुन्हा बंद पडेल, या धास्तीने बाईंना घास गोड लागेना.

चाचणी घेणारे डॉक्टर समजूत घालायला आले, तेव्हा बाई टेबलाखालीच होत्या. बिचारे पोट सावरत ओणवे झाले.

“ताई, प्रत्येकाने आपापलं चालवलं, तर गुण कशाने आला ते कळणार कसं?”

“पटतंय हो मला. खेळ तुमचेच घेईन, क्रमही पाळीन.”

“मग अडलंय कुठे?”

इतक्यात बाईंच्या पाठीमागून बारीक आवाज आला, “या काकांचं डोकं आपटणार.”

परक्या माणसासमोर पोरीचं हे पहिलंच वाक्य!

बाई म्हणाल्या, “खुर्चीत बसून हे ऐकू आलं असतं का? चाचणीत टेबलाखाली जागा ठेवा, मी उद्यापासून येते.”