पिंपातला कॅलिप्सो

गाण्याच्या पार्टीत राहिलेल्या माणसाला गाणी आठवत नाहीत, गाण्याच्या आजूबाजूला झालेले घोळ तेवढे आठवतात. नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या ऑर्केस्ट्रातले जुने मेंबर आजही भेटले, की चहा तसाच राहतो आणि घोळ सुरू होतात!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचा ट्रम्पेटवाला टोनी रेल्वेत गार्ड होता. त्याच्या जहाजावरच्या भावानं त्रिनिदादहून एक रेकॉर्ड आणली. कॅलिप्सो! टोनीनं समजावलं, "तिकडे गाणं म्हणजे पेपर. महागाई, पुढारी, शेजाऱ्याचं भांडण, सगळं गाण्यात."

आमचा गायक बबन म्हणाला, "हे तर आपल्या मोहल्ल्यात रोजच होऊन राहिलं गा! फक्त चाल लावाची राहिली."

ठरलं. नागपूरचा कॅलिप्सो काढायचा!

*

तिकडे तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून त्यातून सूर काढतात. आमचा ढोलकीवाला शालिक वेल्डर होता. त्यानं भंगारातून पिंप आणलं आणि अंगणात हातोडा घेऊन बसला. दिवसभर ठणाठण!

शेवटी शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "काहून ठोकून राहिला गा शालिक?"

"सूर लावून राहिलो, काकू."

"मंग लागला की निरोप पाठव. तवर मी माहेरी जाऊन येतो!"

आणि खरंच गेल्या.

*

सूर लागले. पण 'म' काही केल्या लागेना. शेवटी मी सगळ्या चाली 'म' सोडूनच बांधल्या.

एकदा तालमीला एक शास्त्रीय गाणारे गुरुजी आले. बराच वेळ डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "हा राग कोणता?"

शालिक हात जोडून म्हणाला, "गुरुजी, पिंप देते तेवढंच घेऊन राहिलो!"

गुरुजी इतके हसले, की पुढच्या तालमीला स्वतःहून हजर.

*

पुढे कॅसेटचा जमाना आला, तेव्हा रेकॉर्डिंग केलं. सीताबर्डीत एका दुकानाच्या वर खोली होती. भिंतींना गाद्या बांधल्या, खिडकीला सतरंजी. तरी ऐन गाण्यात शेजारच्या कुकरची शिट्टी आत आलीच. पण अशी समेवर, की सगळे खूश!

नेमका तोच टेक बिघडला. टोनी पळत शेजारी गेला. "वहिनी, अजून एक शिट्टी द्या ना!"

"डाळ शिजली, भाऊ. आता उद्या!"

आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. वहिनींनी मुद्दाम छोले भिजवले होते. भरपूर शिट्ट्या मिळाल्या.

*

कॅसेट घेऊन दुकानात गेलो. मालकानं नाव वाचलं. "कॅलिप्सो? औषध आहे का गा?"

"गाणी आहेत."

"भक्तीची का लग्नाची?"

बबन म्हणाला, "भांडणाची."

मालकानं ती लग्नाच्या कप्प्यात ठेवली. चांगली खपली!

*

बबन पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात टेंपररी कारकून होता. पर्मनंट व्हायचं त्याच सुमारास चाललेलं. त्यात एका वस्तीनं आमचा प्रोग्राम ठेवला आणि पाहुणे म्हणून नेमके त्याचेच मोठे साहेब, सहकुटुंब!

लोकांना मात्र एकच गाणं हवं होतं. नळाचं. नळ कसा पहाटे चोरासारखा येतो आणि बादली लावेपर्यंत कसा पळतो, ते बबननंच लिहिलेलं.

मी कानात म्हटलं, "बबन, आज राहू दे. नोकरी जाईन."

तो समोर बघत होता. बाया पदर सावरून पुढे सरकल्या होत्या. "यायनं मलेच तर सांगतलं होतं हे सारं. आता यायच्यासमोर कसं गिळू?"

आणि गायला. पहिल्या कडव्याला आवाज कापत होता, दुसऱ्यापासून सुटला. वस्ती नुसती नाचत होती!

गाणं संपलं. साहेब उठले. सरळ स्टेजवर आले. शालिकनं काठ्या खाली ठेवल्या. साहेबांनी बबनच्या हातातून माइक घेतला.

"गाण्यात एक चूक आहे."

बबन खिशात गाण्याचा कागद चाचपू लागला.

"पहाटे नळ येते म्हणता. आमच्या क्वार्टरमध्ये तर तेवढाही येत नाही!"

पहिल्या रांगेतून साहेबांच्या बाई ताडकन उठल्या, "मंग माह्यं कडवं कुठं आहे गा? वन्स मोअर!"