करकरणारा भाता

आमच्या चर्चच्या पंचांनी ठरवलं की जुनी पायपेटी भंगारात द्यायची आणि इलेक्ट्रिक कीबोर्ड घ्यायचा. त्यात गाणी आधीच भरलेली असतात, बटण दाबलं की झालं, वाजवायला बाईची गरज नाही. ती बाई म्हणजे मी. लग्न होऊन कोडोलीहून कोल्हापुरात आले तेव्हापासून दर रविवारी ती पेटी मीच वाजवत होते, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं.

सभेत उभी राहून मी सांगून टाकलं, "कीबोर्ड नको. मी पाइप ऑर्गन उभा करते, मोठ्या चर्चमध्ये असतो तसा, नळ्यांचा."

सगळे हसले. मुख्य पंच, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, म्हणाले, "करा की बाई. पर हंगामाच्या सणाला वाजला न्हाय, तर त्योबी भंगारात आन तुमीबी घरात!"

आता मागं हटणार कोण?

डोंगरावरच्या एका बंद शाळेच्या प्रार्थनाघरात जुन्या ऑर्गनच्या नळ्या पडून होत्या. धातूच्या चेपलेल्या, लाकडी नळ्यांत उंदरांचा संसार. शाळेच्या विश्वस्तांनी "न्या एकदाच्या" म्हणून सुटकेचा निःश्वास सोडला. बोटांनी दाबायच्या पट्ट्या मिळाल्या मोडलेल्या नाटक कंपनीच्या ऑर्गनच्या, हवेसाठी उद्यमनगरातल्या फाउंड्रीचा जुना ब्लोअर. नवरा कुरकुरत होता, पण नळ्यांचे पोचे त्यानेच काढले, माझं लाटणं आत घालून. ते लाटणं पोळ्यांच्या कामाला परत आलं नाही.

ब्लोअरची हवा साठवायला चामड्याचा मोठा भाता लागतो. तो आमच्या गल्लीतल्या चपला करणाऱ्या काकांनी केला, आणि असा घट्ट की कुठून हवा सुटेना. फक्त वर-खाली होताना तो करकरायचा.

"काका, हे काय?"

"मग? चामडं बोललं पायजे की! घडीला दुहेरी बसवलंय. मुकी चप्पल म्या जन्मात केली न्हाय."

कोल्हापुरी चप्पल करकरली नाही तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, हे मान्य. पण हा भाता होता! सण दोन दिवसांवर आलेला, उसवायला वेळ नव्हता. मी कपाळाला हात लावला.

सणाला लोकांनी पिकातला वाटा देवाला आणला होता: वेदीपुढे तांदळाची पोती, ऊस, पाय बांधलेल्या कोंबड्या. पहिल्या गीताला नळ्या अशा गायल्या की मागच्या बाकांवरचे लोक माना उंचावून बघायला लागले. मग पाळकांनी डोळे मिटून शांत प्रार्थना करायला सांगितलं. ब्लोअर चालूच होता, आणि त्याच्या हिसक्यांनी भाता वर-खाली होत होता. त्या शांततेत कर्रर्र... कर्रर्र... पोरं फिदीफिदी हसायला लागली. मुख्य पंच तरातरा माझ्यापाशी आले.

"बाई, बंद करा त्ये. लाज चाललीया मंडळीची."

बटण माझ्या हाताशी होतं. ते दाबलं असतं तर पंचांनी परत चालू करू दिलं नसतं, ऑर्गन तिथंच मुका झाला असता, आणि माझी जागाही त्याच्याबरोबर गेली असती. भीती वाटली नाही असं नाही. पण रागच जास्त होता.

"न्हाय करत," मी म्हणाले. अख्ख्या चर्चला ऐकू गेलं.

पाळकांनी घाईघाईने आमेन म्हटलं. मी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या नळ्या उघडल्या आणि पुढचं गीत सुरू केलं. लोक उठून उभे राहिले आणि छत उडेल असे गायले. दाराशी काका उभे होते, छाती पुढे काढून.

उपासना सुटल्यावर आवारात देवाला आणलेल्या धान्याचा आणि कोंबड्यांचा लिलाव सुरू झाला. मुख्य पंच पायरीवर चपला घालत मला म्हणाले, "वाजला, ऱ्हाऊ दे त्यो. पर ती करकर तेवढी काढून टाका."

एवढं बोलून ते लिलावाकडे निघाले. कर्र, कर्र, कर्र. नवी कोरी कोल्हापुरी जोडी होती, खास सणासाठी घेतलेली.

"पंच!" मी पायरीवरून ओरडले. लिलाव थांबला. "आदी तुमच्या पायातली काडा की, मग भात्यातली काडू!"