कातळावर न टिकलेलं पाणी

खेडच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागली, तेव्हा बाबांनी माझी बॅग वर दिली आणि म्हणाले, "अख्खा गाव मुंबैला जातो, नि तू घाटावर चाललीस? तिथं प्यायला पाणी नाय गो." मी त्यासाठीच चालले होते. माणदेशातल्या एका संस्थेने पाणलोटाच्या कामावर मला घेतलं होतं.

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले बहुतेक मुंबईला, नाहीतर आखातात. माझं परगाव म्हणजे उघडे माळ, मेंढरं आणि बाजरीची भाकरी. वस्तीवरच्या बायका सुरुवातीला माझ्या कोकणी हेलाला हसायच्या. मग आम्ही मिळून ओघळींत दगडी बांध घातले, माळावर चर खणले. खरं अवघड काम पुढेच होतं. विहिरींना पाणी आलं तरी ऊस लावायचा नाही, हे सगळ्यांनी ठरवायचं आणि पाळायचं. मेंढरं राखणाऱ्या सखूबाईने तर त्यासाठी सख्ख्या दिराला पंप बंद करायला लावला. चौथ्या वर्षी एका बैठकीनंतर तीच मला म्हणाली, "ताई, आता तुमी नाय आलासा तरी आमचं भागंल."

हेच ऐकायला मी राबले होते. तरी खोलीवर जाऊन रडले. का, ते अजून नीट कळलेलं नाही.

बाबा गेले, आई एकटी पडली, म्हणून मी गावी परतले. एवढा पाऊस पडूनही आमची वाडी वैशाखात टँकरची वाट बघते. आता यातलं आपल्याला कळतं, असं मला वाटत होतं. माणसं गोळा केली, सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या कातळाच्या माळावर, तसेच चर खणले. पावसात ते भरले, आणि जांभ्याच्या सच्छिद्र दगडाने सगळं पाणी गिळून खालच्या ओढ्याला, आमच्या पऱ्याला, सोडून दिलं. विहीर चैत्रात आटली ती आटलीच. घाटावरची अक्कल घाटावरच बरी, असं कुणीतरी म्हणालं. आई कळशी घेऊन टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली, ते जास्त लागलं.

सखूबाईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "आमचा पयला बांध वाहून गेलाच की. तुमीच म्हणला हुता, हितला दगड बघून शिकू." मी असं म्हणाले होते? मला आठवेना.

यंदा पऱ्यावरच बांध घालायचं वाडीत ठरतंय. जमेल का, माहीत नाही. टँकरच्या रांगेत शेजारची काकू विचारते, "परत कधी जाणार गो?" फोन ठेवताना सखूबाई विचारते, "घरी कधी येताय?"

दोघींनाही मी एवढंच म्हणते, बघू.