टॉवेलमावशीची लेक

गरम पाण्याच्या झऱ्यांवर बांधलेल्या स्नानगृहात ती बायकांच्या बाजूला कामाला होती. येणाऱ्या बाईला टॉवेल द्यायचा, कुंडाच्या पायऱ्या उतरताना तिचा हात धरायचा, फार वेळ पाण्यात बसू द्यायचं नाही. सगळे तिला टॉवेलमावशी म्हणत. गंधकाच्या वासाने कुणी नाक मुरडलं की म्हणायची, "अहो, दुखणंसुद्धा या वासानंच पळतं."

नवरा लवकर गेला. पदरात एकच लेक. झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरायचा कारखाना बंद पडला, तेव्हा त्या रिकाम्या शेडमध्ये चित्रकार, मातीकाम करणारे, वाद्यं बनवणारे येऊन राहिले. कामाच्या वेळी पोरीला ठेवायचं कुठे, म्हणून मावशीनेच तिला तिथे सोडायला सुरुवात केली. पोर तिथेच रंगात रमली, मोठी झाली आणि नाटकांचे पडदे रंगवायच्या नोकरीवर दूरच्या शहरात गेली. निघताना मावशीने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. नंतर मात्र घर खायला उठलं.

फोन यायचा. "आई, जेवलीस?"

"जेवले. तू?"

यापुढे दोघींनाही काही सुचत नसे.

काम सुटलं की मावशीचे पाय आपसूक शेडकडे वळत. ओल्या मातीचा वास आला की लेक पलीकडे कुठेतरी हात धुतेय असं वाटायचं. मडकी घडवणारी बाई एकदा म्हणाली, "नुसत्या उभ्या काय राहता? बसा, हात लावा."

मावशीने लेकीचा चेहरा करून पाहिला. नाक जमलं की हनुवटी बिघडायची. शेवटी तो नाद सोडून तिने लेकीची पावलं केली. ती हातांतून सहज उतरली. भट्टीतून निघाल्यावर तिने ती घरी खिडकीत ठेवली.

हिवाळ्यात लेक आली, तीही धावतपळत. खिडकीपाशी थबकली.

"ही कुणाची गं?"

"तुझी."

"माझी पावलं एवढीशी कुठे राहिलीत, आई?"

"मला एवढीच ठाऊक आहेत," मावशी म्हणाली.

संध्याकाळी कुंडावरची गर्दी ओसरल्यावर लेकीने पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले. मावशीने खाली उतरून ते हातांत घेतले. टाचा भेगाळलेल्या, शिडीवर उभं राहून राहून बोटांना घट्टे पडलेले. मावशी एकेक बोट चोळत राहिली.

"राहतेस का अजून दोन दिवस?"

"पडदा अर्धा राहिलाय गं."

"मग जा. हातातलं काम अर्धं टाकू नये."

सकाळच्या बसने लेक गेली. दुसऱ्या दिवशी काम आटोपून मावशी शेडमध्ये आली आणि तिने मातीचा चांगला मोठा गोळा मागून घेतला. टाचा झाल्या, भेगाही झाल्या. डाव्या करंगळीपाशी ती अडली. घट्टा आतल्या बाजूला होता की बाहेरच्या, काही केल्या आठवेना. विचारावं म्हणून तिने हात पुसून फोन घेतला. मग लेक आत्ता शिडीवर असेल असं मनात आलं, आणि तिने तो खाली ठेवला.