ऑटोमेशन गेलंय गुंजीला

मंडळी, आज किळस आली.

उद्यमबागेतल्या आमच्या हापिसात लई राबून मी ऑटोमेशन सर्व्हर बसवला. कोड आला की त्यानंच तपासायचा, त्यानंच गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचा. माणूस मधी नको.

पण साहेबांना मधी असल्याबिगर करमत न्हाय. त्यांनी मधी मंजुरीचं बटण घालायला लावलं. दाबायचं फक्त त्यांनीच!

आज साहेब गुंजीला लग्नाला गेलते. तिथं रेंज न्हाय. गिऱ्हाइकाची बिलं निघंनात, ते फोनवर शिव्या घालतंय, दुरुस्तीचा कोड तयार, आणि सर्व्हर दिवसभर साहेबांची वाट बघत उभा.

संध्याकाळी रेंजमधी आल्यावर साहेबांचा फोन आला. काम अडलंय ऐकून लई खूश. "बघ रं, माझ्याबिगर तुमचं पान हलत न्हाय!"

शी! तुमच्यातलं ऑटोमेशन कुणाच्या लग्नाला जातंय?