तेराव्याची टोपी

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी मध्ययुगीन फ्रान्स वाचत होते. राजा नावापुरता, खरी सत्ता मुलुखामुलुखांतल्या ड्यूक आणि काउंट घराण्यांची. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी घरात फारसं बोलत नसे, पण त्यांना वाचलेलं सांगायचे. एकदा सांगितलं, ऍक्विटेनचा ड्यूक मुलगा नसताना वारला आणि सगळा मुलूख त्याच्या अल्पवयीन मुलीला मिळाला.

"पोरीला? काका नव्हता तिला?"

"होता. तरी तिलाच मिळाला. आणि त्याच वर्षी राजाच्या मुलाशी तिचं लग्न लावून टाकलं."

"म्हंजे जावयालाच मिळाला की," बाबा हसले. मग म्हणाले, "आपलं शेत तुझं न् तुझ्या आईचं. कोन काय पन बोलू दे."

शेत नायगावच्या खाडीजवळ, भाताचं. वाटणी आजोबांनीच करून दिली होती. पलीकडे इमारती चढू लागल्यापासून काका त्या बांधावरून वरचेवर फिरायचे.

बाबा गेले. आमच्याकडे तेराव्याला गेलेल्याच्या बायकोच्या माहेरचा माणूस टोपी आणतो आणि पाटावर बसलेल्या मुलाच्या डोक्यावर घालतो. तेव्हापासून घराचा कर्ता तो. मला भाऊ नाही. मी आईला म्हटलं, पाटावर मी बसते.

"लोक हसतील," आई म्हणाली.

"मग पाट रिकामा राहू दे."

तेराव्याच्या सकाळी काकांचा मुलगा नवा शर्ट घालून पाटावर बसला होता.

"रीतीपुरतं हाय," काका म्हणाले.

मामा टोपी हातात धरून आईकडे बघत राहिला. आईने मान हलवली. मामाने टोपी घातली.

माझ्या शेजारी बसलेली म्हातारी शेजारणीला म्हणाली, "इंग्रजी शालेतली पोर. उद्या उडून जाईल. शेत काय संगं नेनार?"

ऍक्विटेनच्या त्या मुलीने नेलं होतं. लग्न मोडलं तेव्हा तिच्या मुली नवऱ्याकडे राहिल्या, पण मुलूख तिच्याबरोबर दुसऱ्या नवऱ्याच्या घरी गेला. हे मला परीक्षेला येणार होतं. म्हातारीने पाणी मागितलं, मी आणून दिलं.

भात कापून झाल्यावर काका हक्कसोडीचे कागद घेऊन आले. मी म्हटलं, कायद्याने शेत आमचं आहे. ते माझ्यावर चिडलेही नाहीत. आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, टोपी तुमच्याच भावानं घातली ना? चार मानसांसमोर?"

"हो," आई म्हणाली, आणि तिने सही केली.

मी केली नाही. काकांनी कागदांची घडी घातली.

"तुझी घाई नाय. आमच्या बहिनींनी पन हळद लागायच्या आदल्या दिवशीच केली."

त्याच आठवड्यात काकूने माझ्यासाठी पहिलं स्थळ आणलं. मुलगा विरारचा, बँकेत नोकरी, स्वतःचा फ्लॅट. शेताची त्याला काडीची गरज नाही, हे तिने आईला दोनदा सांगितलं. आईने त्याचा फोटो मागून घेतला.